इंग्रजीच्या तासाला वर्ग बोलता करायचा तर : एका उपक्रमाची पायरीपायरीने मांडणी

इंग्रजी शिकवणारे बहुतेक शिक्षक आज वर्गात जोडीकाम, गटचर्चा, खेळ असं काही ना काही घेतात. तरीही तक्रार तीच. दोन-चार जण बोलतात, बाकीचे मूग गिळून बसतात, नाहीतर आपल्या भाषेत गप्पा रंगतात. मग 'आमच्या वर्गाला हे जमत नाही' असं म्हणून गाडी पुन्हा खडू-फळ्याकडे.

घोडं बहुधा उपक्रमाच्या निवडीत अडत नाही, मांडणीत अडतं. आणखी एक गैरसमज असा की आधी मुलांना उत्साह वाटला पाहिजे, मग ती बोलतील. प्रत्यक्षात उलटं होतं. 'मी इंग्रजीत बोललो आणि काम झालं' हे एकदा अनुभवाला आलं की उत्साह मागून येतो. म्हणून खालची सगळी खटपट एकाच गोष्टीसाठी आहे : वर्गातल्या प्रत्येकाला काम पूर्ण करता यावं, आणि ते इंग्रजी बोलल्याशिवाय पूर्ण होऊ नये.

उदाहरण म्हणून एकच उपक्रम शेवटपर्यंत घेऊ. तास ४० मिनिटांचा, विद्यार्थी साधी वाक्यं कशीबशी जुळवणारे.

टप्पा १ : शेवट आधी ठरवा

खेळ शोधायला बसण्याआधी कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहा. पहिली : काम संपेल तेव्हा जोडीच्या हातात काय असेल? दुसरी : ते मिळवायला कोणती वाक्यं तोंडातून काढावीच लागतील?

'छंदांवर चर्चा करा' याला शेवट नाही. चर्चा कधी संपली, चांगली झाली की वाईट, हे कोणालाच कळत नाही. मग पहिल्या मिनिटाला विषय संपतो आणि मुलं तुमच्याकडे बघत बसतात. 'दोघांनाही मोकळी असेल अशी एक वेळ शोधा' याला शेवट आहे. सापडली की सापडली.

आपला उपक्रम हाच. दोन मित्रांना सोमवार ते शुक्रवार यांपैकी एका दिवशी तासभर सरावासाठी भेटायचंय. दोघांची वेळापत्रकं वेगळी आहेत. लागणारी वाक्यं : "आर यू फ्री ऑन मंडे ॲट फोर?", "नो, आय हॅव अ म्युझिक क्लास.", "व्हॉट अबाउट फाइव्ह?"

तपासा : दुसऱ्या ओळीतले वाक्यांचे साचे चारच्या वर गेले, तर एका तासात दोन धडे कोंबले जातायत. एक काढून टाका.

टप्पा २ : दोघांकडे वेगवेगळी माहिती ठेवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बोलण्याची गरज तेव्हाच पडते जेव्हा मला हवं ते तुझ्याकडे आहे आणि ते मला दिसत नाही. दोघांच्या हातात एकच कागद दिला तर ते संवाद वाचून दाखवतात. त्याला बोलणं म्हणत नाहीत.

दोन कागद करा, 'अ' आणि 'ब'. दोन्हींवर पाच दिवस आणि रोजचे चार तास, ३ ते ७, म्हणजे २० चौकटी. 'अ'च्या ९ चौकटी मोकळ्या, 'ब'च्या ८, आणि दोघांना मोकळी अशी चौकट एकच. बाकीच्या चौकटींत काय काम आहे ते लिहा किंवा छोटं चित्र काढा : पोहणं, दातांचा डॉक्टर, ग्रंथालय, धाकट्या भावाला आणायला जाणं.

सामाईक चौकट सोमवारी ठेवू नका. सगळे सोमवारपासूनच सुरुवात करतात, आणि तिथेच उत्तर मिळालं तर दोन मिनिटांत खेळ खलास. गुरुवारी ठेवा. सोमवारी आणि मंगळवारी हुकणाऱ्या जागा पेरा, म्हणजे 'अ' ४ ते ५ मोकळा आणि 'ब' ५ ते ६. थोडक्यात हुकलं की पुढे विचारायची खुमखुमी आपोआप वाढते.

आता या रचनेतली एक पळवाट. हुशार जोडी पूर्ण वाक्य बोलणारच नाही. "मंडे फोर?" "नो." "फाइव्ह?" "नो." काम झालं, भाषा वापरलीच नाही. त्यांना दामटून उपयोग नाही. कमीत कमी शब्दांत काम उरकणं हा शहाणपणा आहे, दोष कागदाचा आहे. कागदाखाली तीन रिकाम्या ओळी वाढवा : 'जोडीदार या आठवड्यात करणार असलेल्या तीन गोष्टी'. आता "नो" ऐकून पुढे जाता येत नाही, "व्हाय? व्हॉट आर यू डूइंग?" विचारावंच लागतं. उत्तर चुकीचं ऐकलं तर शेवटी पडताळताना ते उघडं पडतं, म्हणून ऐकणाराही जागा राहतो.

नियम एकच : प्रश्न आळीपाळीने. नाहीतर 'अ' उलटतपासणी घेतो आणि 'ब' मान हलवत राहतो.

सावधान : कागद छापण्याआधी घरी किंवा शिक्षक-खोलीत कोणासोबत तरी एकदा खेळून बघा. सामाईक चौकटी चुकून दोन झालेल्या असतात, किंवा एकही नसते. भर वर्गात हे कळलं तर पुढचा अर्धा तास तुमचा नाही. तुम्हाला लागलेला वेळ मोजून ठेवा. विद्यार्थ्यांना निदान दुप्पट लागेल.

टप्पा ३ : बोलण्याआधी तोंडात शब्द द्या

गप्प बसणाऱ्या विद्यार्थ्याला आपण लाजाळू म्हणून मोकळे होतो. पुष्कळदा त्याच्याकडे त्या क्षणी लागणारं वाक्यच नसतं. म्हणून कामाआधी आठेक मिनिटं यासाठी ठेवा.

फळ्यावर प्रश्नाचा साचा लिहा, वार आणि वेळ यांच्या जागा रिकाम्या ठेवा. नवे शब्द सहा ते आठ, त्याहून जास्त नकोत. एकदा सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घ्या, मग रांगेरांगेने, मग कुजबुजत. कुजबुजीत चुकायची भीती कमी असते आणि ज्यांचा आवाज कधी ऐकू येत नाही त्यांचेही ओठ हलताना दिसतात. 'ऑन मंडे' आणि 'ॲट फोर' यांचा घोळ इथेच काढा, नंतर नाही.

याहून महत्त्वाची आहेत ती अडल्यावर लागणारी वाक्यं, आणि नेमकी तीच बहुतेक जण विसरतात : "सॉरी, कॅन यू से दॅट अगेन?", "हाऊ डू यू स्पेल इट?", "वेट अ मिनिट.", "व्हॉट डज दॅट मीन?" फळ्याच्या एका कोपऱ्यात ही कायमची लिहून ठेवा. विद्यार्थी स्वतःच्या भाषेकडे वळतो तो बहुधा अडतो त्या क्षणी. बाहेर पडायची वाट इंग्रजीत मिळाली तर तो इंग्रजीत टिकतो.

मग एक मिनिट शांतता. कागद अजून द्यायचा नाही. फक्त 'मी पहिला प्रश्न काय विचारणार' एवढं मनात जुळवायचं. हे मिनिट वाया गेल्यासारखं वाटतं आणि म्हणून शिक्षक ते खाऊन टाकतात. शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. हा वेळ तीन सेकंद किंवा त्याहून वाढवला की उत्तरं लांब होतात आणि आपणहून बोलणारे वाढतात. तिथे मुलं बहुधा ओळखीच्याच भाषेत उत्तरं देत होती. परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्याला तीन सेकंदही अपुरेच.

टप्पा ४ : जोड्या लावा, गट नको

साधा हिशेब करा. ४० विद्यार्थी, ४० मिनिटं. एकेकाला उभं करून विचारलं आणि तुम्ही स्वतः एक अक्षरही बोलला नाहीत, तरी प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिट येतं. त्याच वर्गाच्या २० जोड्या केल्या तर दहा मिनिटांत प्रत्येकाला साधारण पाच मिनिटं मिळतात. सहा जणांच्या गटात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न : दोघं बोलतात, एक लिहितो, तिघं खिडकीबाहेर बघतात.

कच्चा आणि पक्का अशी जोडी लावायची असेल तर कोणता कागद कोणाकडे जातो ते बघा. ज्या कागदावर जास्त माहिती आहे तो कच्च्याला द्या. पक्क्याला ती माहिती हवी असल्यामुळे तो थांबतो, पुन्हा विचारतो, सोपं करून विचारतो. उलटं केलं तर पक्का सगळं सांगून मोकळा.

संख्या विषम असेल तर तिघांच्या एका गटात दोघांना मिळून एकच 'अ' कागद द्या आणि प्रश्न आळीपाळीने विचारायला सांगा. तिसऱ्याला 'निरीक्षक' करू नका. निरीक्षक म्हणजे सुट्टीच.

बाकं हलत नसतील तर एकाआड एक रांगेने मागे वळून बसायचं, मधे दप्तर किंवा उभी वही. कागद दिसला की सगळी मेहनत पाण्यात.

टप्पा ५ : सूचना, आणि त्यांचा क्रम

इथे क्रमच सगळं काही आहे. आधी जागा बदलून घ्या. मग सूचना द्या. मग करून दाखवा. मग समजलंय का ते तपासा. आणि कागद सगळ्यात शेवटी. कागद आधी हातात पडला की नजर कागदावर जाते आणि तुमची सूचना भिंतीला ऐकू जाते.

सूचना चार-पाच छोट्या वाक्यांत, इंग्रजीतच. समजावत बसण्यापेक्षा एका विद्यार्थ्याला पुढे बोलवा आणि दोन प्रश्नोत्तरं करून दाखवा. मधेच मुद्दाम त्याच्या कागदात डोकवा. वर्ग ओरडेल, "नो!" नियम कळल्याची खूण मिळाली.

"समजलं का?" हा प्रश्न विचारायचा नाही. त्याला सगळे "हो" म्हणतात, ज्यांना काहीच कळलेलं नाही तेही. त्याऐवजी उत्तर चुकू शकेल असे प्रश्न विचारा : "डू यू शो युअर पेपर?", "हाऊ मेनी टाइम्स डू यू फाइंड?", "हू आस्क्स फर्स्ट?" तीन प्रश्नांत कुठे गोंधळ आहे ते उघड होतं.

टप्पा ६ : काम चालू असताना हात आखडता घ्या

पहिलं अर्धं मिनिट फिरा, पण मदतीसाठी नाही. प्रत्येक जोडी सुरू झाली का, एवढंच बघायला. दोनपेक्षा जास्त जोड्या अडलेल्या दिसल्या तर सगळ्यांना थांबवा आणि पुन्हा करून दाखवा. एकेका जोडीला समजावत बसलात तर शेवटच्या जोडीपर्यंत पोहोचेतो पहिलीचं काम संपलेलं असतं.

मग बाजूला व्हा. छोटी वही घ्या, पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे ऐकलेली चांगली वाक्यं, उजवीकडे चुका. नावं लिहू नका. मधे बोलून चूक सुधारायची नाही. अपवाद एकच : चुकीमुळे दोघांचं बोलणंच अडलं असेल तर.

एखाद्या जोडीत असं चाललेलं ऐकू येईल :
"यू फ्री थर्सडे सिक्स?"
"थर्सडे सिक्स… येस! आय फ्री!"
"येस! मी टू!"

यात 'आर' गायब आहे, 'ऑन' आणि 'ॲट' गायब आहेत, आणि दोघांचे चेहरे फुललेत. हा क्षण सुधारणेने कापू नका. उजव्या रकान्यात "आय फ्री" लिहा आणि पुढच्या बाकाकडे जा. त्या जोडीला आत्ता जे मिळालं तेच उद्या त्यांना पुन्हा तोंड उघडायला लावणार आहे. व्याकरणाला दहा मिनिटांनी वेळ आहेच.

गोंगाटाचं काय? गोंगाट होणारच. त्यातले शब्द ऐका. वार आणि वेळा ऐकू येत असतील तर तो कामाचा गोंगाट. मातृभाषेतही फरक करा : "अरे, आता तू विचार" एवढं मातृभाषेत आलं तर दुर्लक्ष करा. वेळापत्रकच मातृभाषेत वाचून दाखवलं जात असेल तर दंड वगैरे नको, फळ्याच्या कोपऱ्यातल्या वाक्याकडे बोट दाखवा. मातृभाषेवर सरसकट बंदी घातली की इंग्रजी वाढत नाही, शांतता वाढते.

अगदी नवशिक्या विद्यार्थ्याला काही काळ ऐकत राहू द्यावं लागतं. त्याला 'येस', 'नो' आणि बोटाने चौकट दाखवणं एवढ्यावर काम पूर्ण करता येईल अशी सूट द्या. काम मात्र पूर्ण झालंच पाहिजे.

लवकर संपवणाऱ्यांसाठी एक जास्तीचा प्रश्न तयार ठेवा : भेटायची वेळ आणखी तासभर हवी असेल तर दोघांनी मिळून कोणतं एक काम पुढे ढकलाल? यात मतभेद होतात, आणि मतभेदात बोलणं वाढतं.

टप्पा ७ : थांबवा, निकाल घ्या, मग चुका

सगळे संपेपर्यंत वाट पाहू नका. निम्म्याहून थोड्या जास्त जोड्यांचं झालं की एक मिनिटाची सूचना द्या आणि थांबवा. थांबवायची खूण आधीच ठरलेली असावी, उदाहरणार्थ हात वर. दिसला की आपणही हात वर करायचा आणि गप्प व्हायचं. ओरडून वर्ग शांत करायचा म्हणजे गोंगाटात आपली भर.

पहिला प्रश्न निकालाचा : "व्हेन कॅन यू मीट?" मग एक-दोघांकडून जोडीदाराच्या तीन गोष्टी. चुकांकडे थेट उडी मारली तर संदेश असा जातो की काम हा बहाणा होता आणि खरी होती ती परीक्षा.

त्यानंतर वहीतली पाच वाक्यं फळ्यावर, दोन बरोबर आणि तीन चुकीची, सरमिसळ करून. कोणाची ते सांगायचं नाही. जोडीत ठरवायचं : कोणती बरोबर, कोणती सुधारायची? तुम्ही स्वतः सुधारून म्हणून दाखवू नका. भाषाशिक्षणाचे अभ्यासक रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चुकांवरच्या शिक्षकांच्या प्रतिसादांपैकी निम्म्याहून अधिक वेळा हेच दिसलं होतं, विद्यार्थ्याचं वाक्य शिक्षकाने बरोबर करून म्हणणं. आणि त्याला विद्यार्थ्यांकडून दाद सगळ्यात कमी मिळत होती. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई हो म्हणाल्या. वाक्य त्याला स्वतः दुरुस्त करावं लागलं तरच त्याकडे लक्ष जातं.

बक्षिसांबद्दल इथेच सांगतो. सगळ्यात आधी संपवणाऱ्या जोडीला गुण द्यायचा मोह टाळा. वेगाला गुण दिले की टप्पा २ मधली पळवाट परत उघडते, कागद दाखवले जातात, आणि कच्चा जोडीदार नकोसा होतो. स्पर्धा हवीच असेल तर सगळा वर्ग विरुद्ध घड्याळ अशी ठेवा. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धांतात माणसाला आतून उभारी येण्यासाठी तीन गरजा मांडल्यात : आपल्या मनाने काही ठरवता येणं, आपल्याला जमतंय असं वाटणं, आणि आपण इथले आहोत असं वाटणं. चिकट तारे वाटून यातली एकही भागत नाही. दुसऱ्या फेरीसाठी (टप्पा ८) तीन कार्डांतून स्वतःचं वेळापत्रक निवडू देणं मात्र पहिली गरज फुकटात भागवतं.

टप्पा ८ : तेच काम, नवा जोडीदार, कमी वेळ

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. 'एकदा झालं की, मुलं कंटाळतील.' जोडीदार आणि वेळापत्रक दोन्ही नवी असतील तर कंटाळत नाहीत. पहिल्या फेरीला दहा मिनिटं दिली असतील तर आता सहा द्या. फळ्यावरच्या साच्यातले अर्धे शब्द पुसून टाका. मघाशी अडखळत विचारलेला प्रश्न आता सरळ येतो, आणि हे विद्यार्थ्याला स्वतःला जाणवतं. 'चांगलं बोललास' या शाबासकीपेक्षा हा पुरावा दणकट असतो.

थोड्या पुढच्या वर्गासाठी याचीच कडक आवृत्ती म्हणजे ४/३/२ : एकाच विषयावर आधी चार मिनिटं, मग दुसऱ्या श्रोत्यासमोर तीन, मग तिसऱ्यासमोर दोन. श्रोता बदलला नाही तर याचा काही उपयोग नाही. तीच गोष्ट त्याच माणसाला पुन्हा कोण सांगेल?

वेळेची वाटणी साधारण अशी : प्रस्तावना २ मिनिटं, भाषेची तयारी ८, बसणं आणि सूचना ५, पहिली फेरी १०, निकाल आणि चुका ६, दुसरी फेरी ६. उरलेली ३ मिनिटं कुठे ना कुठे जातातच. वेळ कमी पडली तर प्रस्तावना कापा, दुसरी फेरी नाही.

दुसरे उपक्रम याच मांडणीत बसवताना

धावतं श्रुतलेखन : मजकूर भिंतीवर, एक जण वाचून, लक्षात ठेवून, येऊन सांगतो, दुसरा लिहितो. नेहमीची चूक म्हणजे लांबलचक मजकूर. सहा छोटी वाक्यं पुरेत, आणि अर्ध्यावर भूमिका बदला. धावण्यासारखी जागा नसेल तर भरभर चालायचं.

'फाइंड समवन हू' : वर्गभर फिरून 'पोहता येणारा', 'पहाटे उठणारा' असे लोक शोधायचे. इथे विद्यार्थी सरळ कागद पुढे करून सह्या गोळा करतात. एका माणसाचं नाव एकदाच घ्यायचं आणि प्रत्येकाला एक पुढचा प्रश्न विचारून उत्तर टिपायचं, असा नियम लावा.

जिगसॉ वाचन : उताऱ्याचे चार तुकडे, प्रत्येकाकडे एक. आधी एकाच तुकड्याचे सगळे एकत्र बसतात आणि समजून घेतात, मग चार वेगवेगळ्या तुकड्यांचे चौघं. पहिली बैठक वगळली तर कच्चा वाचक आपल्या गटासमोर उघडा पडतो. शेवटचा प्रश्न असा हवा की चारही तुकडे जोडल्याशिवाय सुटणार नाही.

भूमिकानाट्य : पाठ केलेले संवाद नकोत. दोघांच्या कार्डांवर जुळणार नाहीत असे हेतू लिहा. एकाला वस्तू परत करायचीय, दुसऱ्याला ती परत घ्यायची परवानगी नाही. बाकी ते बघून घेतील.

तासानंतर

कार्डांचे संच पाकिटात भरा आणि पाकिटावर लगेच, त्याच दिवशी, लिहा : किती संच आहेत, कोणता वर्ग, पहिल्या फेरीला प्रत्यक्ष किती वेळ लागला, सूचनेत कुठे गोंधळ झाला, कोणता शब्द सगळ्यांना अडला. 'अ' आणि 'ब' वेगळ्या रंगाच्या कागदावर असतील तर वाटताना आणि गोळा करताना चूक होत नाही. सामाईक चौकट कोणती ते पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहा, बाहेर नको. पाकीट टेबलावर असतं आणि पहिल्या बाकावरच्यांचे डोळे चांगले असतात.